भाऊंच्या नावाची मूठ

उंची ही काही मी मागून घेतलेली नव्हती, पण आयुष्यभर लोक तिचा जाब मलाच विचारत आले. असोद्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराचं दार ठेंगणं होतं, आणि त्याच्या वरच्या चौकटीवर माझ्या कपाळाचा तेलकट काळा डाग पडलेला होता. सातवीत मी आईला मागे टाकलं आणि नववीत वडिलांना. वडिलांना मी भाऊ म्हणत असे, कारण सगळं घरच त्यांना भाऊ म्हणायचं. मॅट्रिकच्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या आबांनी, माझ्याशी उभ्याने बोलणं सोडून दिलं. आबा घरातले कर्ते. काही सांगायचं असलं की आधी ते खाटेवर बसत, मला समोर जमिनीवर बसवत, आणि मान वर करावी लागत नाही याची खात्री झाली की मग बोलत. पुढे मी बारा वर्षं बास्केटबॉल खेळले, तेही संघातल्या सगळ्यात उंच माणसाच्या जागेवर, जिला आमच्याकडे ‘पोस्ट’ म्हणतात. नोकरीही त्या खेळावरच लागली. आज दोन्ही गुडघे कुरकुरतात आणि जिना दिसला की मी देवाचं नाव घेते. तरी कुणी विचारलं की हे सगळं सुरू कुठे झालं, तर मला मैदान आठवत नाही. मला गव्हाची परात आठवते.

पण आधी केळीचं सांगायला हवं, कारण माझा सगळा घोळ केळीतून आलेला होता. आमची बाग गावापासून थोडी लांब, विहिरीवरच्या इंजिनाचा टुक्‌टुक्‌ आवाज घरापर्यंत यायचा आणि तो थांबला की जेवता जेवता सगळ्यांचे हात थांबायचे. आबांना तीन मुलगे, भाऊंना मी एकटी. त्यामुळे कापणीच्या दिवसांत आमच्या वाट्याचा गडी मीच असे. कापणारा खोडावर कोयत्याचा घाव घालायचा, झाड हळूच वाकायचं, आणि खाली उभा असलेल्याने घड खांद्यावर झेलायचा. खांद्यावर सुक्या पानांची चुंबळ. मग बांधावरून, चिखलातून, दोन्ही बाजूंच्या पानांतून तो घड गाडीपर्यंत न्यायचा. यातला एकच नियम भाऊंनी मला मी दहा वर्षांची असल्यापासून शिकवला होता: धक्का लागू द्यायचा नाही. केळ कच्चं असताना लागलेला मार त्या दिवशी दिसत नाही, चार दिवसांनी पिकताना काळा होऊन वर येतो. म्हणून समोरून कुणी आलं की घडवाल्याने आधी बाजूला व्हायचं. माणूस असो, बैल असो, कुत्रं असो, आपण सरायचं. मी इतकी वर्षं सरत आले होते की रिकाम्या खांद्यानेसुद्धा सरायची. गावात लोक म्हणायचे, भाऊंची पोरगी ताडासारखी वाढली पण चालीला मोठी गरीब. ते कौतुक होतं आणि आईला ते फार आवडायचं.

जळगावला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात निकम सरांनी मला ग्रंथालयाच्या रांगेतून बाहेर काढलं. सर धुळ्याकडचे, बुटके, गळ्यात कायम शिट्टी. वर्गात आणि कार्यालयात अगदी शुद्ध बोलायचे, मैदानावर तोल गेला की थेट अहिराणीत उतरायचे. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग पायांपासून डोक्यापर्यंत, आणि विचारलं, “चेंडू झेलता येतो का?” मी म्हटलं, घड झेलता येतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी चेंडू आला आणि मी तो झेलला, गुडघे किंचित मोडून, आवाज न होऊ देता, आणि सर नुसते बघत राहिले. माझ्या हातात आलेला चेंडू कधी निसटला नाही. आजही मी एवढ्याचाच गर्व करते, बाकी कशाचा करत नाही.

पण पोस्टचं काम नुसतं झेलण्याचं नसतं. रिंगच्या खाली जागा धरायची असते. समोरच्या संघाची तगडी पोरगी पाठीला पाठ, खांद्याला खांदा लावून तुम्हाला तिथून ढकलणार, आणि तुम्ही हलायचं नाही, कारण तुम्ही हललात तर तुमच्या बाकी चौघींना चेंडू द्यायला कुणी उरत नाही. आणि मी तर हलण्यातच वाढलेली. कुणाचा खांदा लागला की पाऊल आपोआप बाजूला पडायचं. सरांनी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, मला भिंतीला टेकवून दोन मुलींना ढकलायला लावलं. शेवटी एकदा शिट्टी जमिनीवर आपटून म्हणाले, “तू पोस्ट शे का पाव्हनी शे? जो येस त्याले जागा देस!” सगळ्या मुली हसल्या, मीही हसले, आणि घरी येताना एसटीत तोंड खिडकीकडे करून रडले. पहिल्या वर्षी विभागाच्या संघाची निवड झाली त्यात मला अर्ध्या खेळातून बाहेर काढलं. आबांना गावात कुणीतरी विचारलं, “एवढी उंच पोरगी, तिलेबी नाही घेतलं का?” आबांना नाक मुरडलेलं चालत असे, पण कीव केलेली चालत नसे. त्या संध्याकाळी खाटेवर बसून त्यांनी निकाल दिला. “पुढच्या खेपेले नाव आलं तं खेळ. नाही आलं तं कॉलेज बंद. घरी बसून परीक्षा देजो.” भाऊ शेजारी उभे होते. भाऊ आबांपुढे कधीच बोलत नसत, तेही बाजूला सरणारेच होते.

पुढची निवड श्रावणात आली, धुळ्याला, आणि नेमकी कानबाईच्या आठवड्यात. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई ही देवी घरात बसते, नारळाला नथ-डोळे लावून, लाल खण नेसवून, आणि सोमवारी वाजतगाजत तिची बोळवण होते. ती बसायच्या चार दिवस आधी भाऊंचा हात मोडला. घड खांद्यावर घेऊन ओल्या बांधावरून घसरले, आणि पडता पडता त्यांनी काय केलं असेल, तर उजवा हात खाली टाकून घड छातीवर घेतला. घडाला ओरखडा नाही, मनगटाची दोन हाडं मोडली. गावभर त्यांची वाहवा झाली. जळगावहून प्लास्टर घालून आले तेव्हा लोक हाताची चौकशी नंतर करत, आधी विचारत, “घडाले काही नाही ना झालं?” आणि भाऊ अभिमानाने मान हलवत. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

कानबाईच्या रोटाची आमच्या घरची रीत अशी होती. घरात जितके पुरुष, तान्ह्या पोरासकट, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू परातीत पडायचे. प्रत्येकाने आपल्या हाताने आपली मूठ टाकायची, तान्ह्याची त्याच्या बापाने. त्याच गव्हाच्या पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, व्हायचे. ते घरच्यांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, पाहुण्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. देवी बाई आणि मुठी सगळ्या गड्यांच्या, हे मला लहानपणापासून खटकायचं, पण विचारायची सोय नव्हती. त्या वर्षी आबांनी नावं पुकारायला सुरुवात केली. आबांची मूठ पडली, तिघा चुलतभावांच्या पडल्या, मग आबा म्हणाले, “भाऊ.” भाऊ पुढे आले आणि प्लास्टरमधला हात बघून थबकले. बोटांची टोकं तेवढी बाहेर, मूठ वळणार कशी? डावा हात देवीच्या कामाला चालत नाही. आबांच्या मोठ्या मुलाने हात पुढे केला, तसे आबा म्हणाले, “तुही एक टाकली ना? एका हाताच्या दोन कशा?” त्याचे दोघे धाकटे भाऊही त्याच न्यायाने बाद झाले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग भाऊ, जे आबांपुढे कधी बोलत नसत, ते हळूच म्हणाले, “मही पोरगी टाकीन.”

आबांनी वर पाहिलं, म्हणजे बरंच वर पाहावं लागलं. मोठी माय, आबांची बायको, चुलीपाशी होती, तिचा हात पदराशीच राहिला. आबा म्हणाले, “टाक. भाऊच्या नावानं टाक.” मी पोत्यात हात घातला. वर्षभर रोज चेंडू एका हाताने उचलायचा सराव केलेला, बोटं कुठे नि तळवा कुठे. मी मूठ भरली आणि परातीत सोडली, तर तो एक ढीगच पडला, वर सव्वाचं पाव घालायचं बाकीच. मोठी माय म्हणाली, “अवं माय, मूठ हाये का सूप हाये?” कुणीतरी म्हणालं थोडे काढून घ्या. आबा म्हणाले, “पडले ते पडले. परातीतलं मांघं घेता येत नाही.” मग उरलेली पाव मूठही पडली, जवळजवळ दुसऱ्या एखाद्याच्या पुऱ्या मुठीएवढी. त्या वर्षी आमच्या घराने जे रोट खाल्ले ते विचारू नका. सकाळी रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, दुपारी रोट आणि खीर, संध्याकाळी रोट आणि उरलेली गंगाफळाची भाजी. चुलतभाऊ ताटावर बसले की माझ्याकडे बघायचे आणि मोठी माय त्यांना सांगायची, “भाऊच्या वाट्याचं हाये, खा गपचूप.” निवडीला निघायच्या सकाळीही मला चार रोट संपवूनच उठू दिलं. ते बरोबर देता येत नव्हते, म्हणून आईने वाटेसाठी दुधातल्या दशम्या बांधून दिल्या.

धुळ्याला माझ्याबरोबर भाऊ आले. एरवी कापणी सोडून ते लग्नालासुद्धा जात नसत, पण मोडक्या हाताने बागेत नुसतं उभं राहणं त्यांना जड जात होतं. एरंडोल, पारोळा करत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि सिमेंटच्या मैदानावर रात्रीच्या पावसाचं पाणी मुली पोत्यांनी टिपत होत्या. भाऊ कडेच्या निंबाखाली उकिडवे बसले, प्लास्टरचा हात झोळीत, टोपी गुडघ्यावर. त्यांनी हा खेळ त्याआधी कधीच पाहिलेला नव्हता. पोस्टच्या जागा दोन आणि आम्ही तिघी. त्यातली धुळ्याची शैला माझ्याहून चार बोटं बुटकी, पण मजबूत बांध्याची, आणि तिला ढकलण्याची लाज अजिबात नव्हती. पहिल्या डावात तिने मला रिंगखालून असं हलवलं की मी बहुतेक वेळ रेषेच्या बाहेरच दिसत होते. ती यायची, खांदा लावायची, मी सरायचे. निवड करणारे दोघं खुर्च्यांवर बसून कागदावर काही लिहीत होते आणि माझ्याकडे बघणं त्यांनी थांबवलं होतं. निकम सर लांब उभे राहून शिट्टी चावत होते. मला स्पष्ट दिसत होतं की कॉलेज संपलं. पोटात ते चार रोट दगड होऊन बसले होते.

मधल्या सुटीत मी पाणी प्यायला कडेला गेले, तर भाऊ उठून माझ्यापाशी आले. त्यांनी आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं. म्हणाले, “तुह्या खांद्यावर काय हाये?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मंग इतकी जपून काहाले चालू राह्यली? ते पोरगी आली का तू सरते. मी मघापासून पाहू राह्यलो. घड घेऊन चालते तू अठी.”

वर्षभर सरांना जे सापडलं नव्हतं ते या माणसाला अर्ध्या तासात दिसलं होतं, कारण ते त्यांनीच शिकवलेलं होतं. ते माझ्याकडे न बघता मैदानाकडे बघत म्हणाले, “घड गाडीत गेला वं. आता तू टेकू हायेस. वारा सुटला का टेकू सरकते का?”

“नाही.”

“सरकला तं?”

“झाड पडते.”

“मंग,” भाऊ म्हणाले, आणि परत निंबाखाली जाऊन बसले.

वैशाखातल्या वाऱ्यात घडाच्या भाराने वाकलेल्या केळीला आम्ही दोन बांबूंचा टेकू लावायचो. त्याची खालची टोकं कशी रोवायची, किती फाकवायची, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. दुसऱ्या डावात मी रिंगखाली गेले, पाय फाकवले, गुडघे मोडले, बूड खाली घातलं आणि टाच रोवली. शैला आली. तिचा खांदा पाठीला लागला आणि माझं पाऊल सवयीने उचललं जाणार होतं, ते मी उचललं नाही. एवढंच केलं मी, बाकी काही नाही. तिने पुन्हा जोर लावला, तिचा श्वास मला मानेवर लागत होता, आणि मला आतून हसू यायला लागलं. चेंडू आला. तो मी घडासारखाच झेलला, ते काही सोडण्यासारखं नव्हतं. वळले आणि वर ठेवून दिला. त्यानंतर रिंगमधून किती पडले ते मोजलं नाही. एकदा शैला माझ्यावर आपटून स्वतःच खाली पडली. मी लगेच वाकून तिला उठवायला लागले, तिच्या गुडघ्यावरची माती झटकायला लागले, आणि लांबून सरांचा आवाज आला, “आरती मंग करजो तिनी, पयले चेंडू देख!” शैलासुद्धा हसली. पुढे आम्ही दोघी नऊ वर्षं एका संघात खेळलो, आणि गुडघ्याच्या डॉक्टरचा पत्ता तिनेच मला दिला.

संध्याकाळी नावं वाचली. पोस्टची शेवटी. आधी शैलाचं, मग माझं, आडनावापासून सुरू करून, इतकं भरभर की भाऊंना कळलंच नाही. त्यांनी मला कोपराने ढोसून विचारलं, “आपलंच ना ते?” मी हो म्हटलं आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. परतीच्या एसटीत आम्ही दशम्या खाल्ल्या. पारोळ्याच्या पुढे ते झोळीतल्या हाताकडे बघत म्हणाले, “मी घड वाचवला. पाच मिनिटात गाडीत गेला. कोन्या गावाले गेला तेबी मले माहीत नाही.” आणि थोड्या वेळाने, “तू नको वाचवत बसू.” मग नेहमीच्या आवाजात त्यांनी बजावलं, “आबाले सांगू नको मी काही बोललो तठी. म्हनतीन, केळी सोडून चेंडू शिकवते.”

आबांना मी सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “आलं का नाव?” आलं म्हटल्यावर म्हणाले, “मंग रोट संपव, अजून दोन दिवस हायेत.” दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी तीच बातमी निदान दहा जणांना सांगितली, असं चुलतभाऊ म्हणत होते. कॉलेजचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या श्रावणात मी राज्याच्या शिबिरातून कानबाईपुरती दोन दिवस घरी आले होते. भाऊंचा हात केव्हाच बरा झाला होता, मनगट थोडं वाकडं राहिलं एवढंच. परात मांडली गेली, आबांनी नावं पुकारली. आबा, तिघे चुलतभाऊ, एकाला झालेला तान्हा, शेवटी भाऊ. भाऊंनी आपल्या हाताने आपली मूठ टाकली. मी मागे दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मागच्या वर्षीची ती मूठ काही माझी नव्हती, हे मला माहीत होतं, तरी वाटलं. मोठ्या मायने परात उचलायला हात घातला.

“थांब,” आबा म्हणाले. “एक मूठ राह्यली.”

मोठ्या मायने मोजलं. “कोनाची? झाले ना बठ्ठे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते बसलेले असूनही त्या दिवशी त्यांनी मला खाली बसायला सांगितलं नाही. मान चांगली वर करून म्हणाले, “कुसुम.”

“पोरीच्या नावाची मूठ कुठी ऐकली का?” मोठी माय म्हणाली.

“मांघच्या साली तिच्या हातची खाल्ली ना बठ्ठ्यांनी? देवी कोपली का?” आबा म्हणाले. “टाक वं.”

मी पुढे झाले. भाऊ बाजूला सरले, पण एवढंच की मला परातीपाशी जागा व्हावी. मी पोत्यात हात घातला आणि मूठ भरू लागले, तशी मोठ्या मायने माझं मनगट धरलं.

“टाक माय, तुह्या नावाची टाक,” ती म्हणाली, “पण जरा लहान टाक. खावं आम्हाले लागते.”